शिकारीच्या ओढीतून एकाग्रता: सोलापुरातल्या कुत्रेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘घरात शहाणा, रस्त्यावर बहिरा’ ही तक्रार जुळे सोलापूरपासून बाळीवेशीपर्यंत एकसारखी ऐकू येते. खार दिसली, डुक्कर पळालं, स्कूटी गेली की साहेब दोरीच्या टोकाला आणि आपण फरफटत मागे. खालचे प्रश्न अशाच घरांतून येतात. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात. प्रश्नच तसे आहेत.

प्रे ड्राइव्ह, प्रे ड्राइव्ह म्हणतात ते नेमकं काय?

पळणाऱ्या वस्तूमागे धावायची, ती पकडायची, तोंडात धरून झटकायची उपजत ओढ. ती भुकेवर अवलंबून नसते. पोटभर जेवलेला लॅब्रॉडॉरही चेंडूमागे जिवावर उदार होऊन पळतो.

लांडग्यात या वागण्याचा एक क्रम असतो: हुडकणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं, खाणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत वेगवेगळ्या जातींत या क्रमातले काही तुकडे ठळक केले, काही पुसट केले. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी हे फार नेटकं मांडलं आहे. मेंढरं वळवणारा बॉर्डर कोली नजर रोखतो, दबा धरतो, धावतो, पण मेंढीला दात लावणं त्याच्याकडून अपेक्षित नसतं. लॅब्रॉडॉर हळुवार तोंडात धरून आणून देतो. टेरियर पकडून झटकतो. आपल्याकडच्या कारवानी या शिकारी कुत्र्यात पाठलागाचा तुकडा सगळ्यात मोठा.

त्यामुळे ‘आमच्या कुत्र्यात ड्राइव्ह आहे का’ यापेक्षा ‘कुठला तुकडा ठळक आहे’ हे बघितलेलं कामाला येतं. एक जुनी चिंधी दोरीला बांधून अंगणात ओढत न्या. धावतो पण पकडल्यावर लगेच सोडून देतो? पाठलागात रस आहे. पकडून मागे ओढतो, गुरगुरतो? पकडीत रस आहे. पकडून कोपऱ्यात नेऊन चिंध्या करत बसतो? फाडण्यात. ज्यात रस, तेच तुमचं बक्षीस.

ही ओढ दाबून टाकलेली बरी नाही का?

ओरडून, फटके देऊन ती दाबली जाते असं वाटतं, पण कुत्रा फक्त एवढंच शिकतो की मालक जवळ असताना पळायचं नाही. दोरी सुटली की हिशेब चुकता.

दुसरी वाट अशी: पळायची, पकडायची संधी द्यायची, पण तिचं दार तुमच्यातून उघडायचं. तुमच्याकडे बघितलं तर चिंधी जिवंत होते. चिंधीकडे कितीही टक लावून बघितलं तरी ती मेलेलीच राहते. या पानावरचं बाकी सगळं या एका गोष्टीचाच विस्तार आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्वही हेच सांगतं, की जे करायला प्राण्याला मनापासून आवडतं ते, कमी आवडीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. मालकाच्या तोंडाकडे बघत राहणं हे कुत्र्याच्या दृष्टीने कमी आवडीचं काम. पाठलाग म्हणजे जीव की प्राण. पहिल्यातून दुसऱ्याकडे वाट काढली की काही दिवसांत पहिलंही आवडू लागतं.

स्फोटकं हुंगणारे कुत्रे याच ओढीवर काम करतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. अशा कामांसाठी कुत्री निवडताना चेंडूचं वेड बघितलं जातं. त्या कुत्र्याला स्फोटक म्हणजे काय हे कळत नसतं. हा वास सापडला की चेंडू मिळतो, एवढं कळतं.

टग खेळलं, ओढाओढ केली तर कुत्रा चावरा होईल, असं आमचे शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांना नमस्कार सांगा. ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरवर हे तपासलं होतं, २००२ साली ते प्रसिद्ध झालं. कुत्र्याला टगमध्ये वारंवार जिंकू दिलं तरी तो मालकावर दादागिरी करू लागला नाही. खेळाच्या भरातली गुरगुर आणि धमकीची गुरगुर यांत फरक असतो. खेळणाऱ्याचं अंग सैल असतं, शेपूट हलते, सुटलेलं टोक तो स्वतःहून तुमच्या गुडघ्यावर आणून आपटतो. धमकावणारा ताठतो, वस्तूवर मान घालून थिजतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो.

हा दुसरा प्रकार तुमच्या घरी होत असेल, म्हणजे ताट, हाड, खेळणं यांवरून कुत्रा अंगावर येत असेल, तर हे पान वाचून टग सुरू करू नका. आधी वर्तनाचं काम जाणणाऱ्या माणसाला आणि पशुवैद्याला दाखवा. दुखणं असलं तरी कुत्रे असे वागतात.

खेळणं कोणतं घ्यावं? ऑनलाइन फार महाग दिसतात.

सोलापुरात राहून टगवर पैसे घालवायचे म्हणजे कमालच. घरात एखादी विटलेली सोलापुरी चादर असतेच. जाड सुताची, जॅकार्डच्या विणीची, दातांना छान पकड देणारी. तिच्या चार बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा, तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठ मारा. वेणी दोन हात लांब हवी: एक हात तुमच्या मुठीसाठी आणि एक त्याच्या जबड्यासाठी. मोठ्या जर्मन शेफर्डसाठी सहा पट्ट्या घ्या. पिल्लासाठी एकच पट्टी दुमडून पुरते.

टर्किश टॉवेलही चालतो, पण त्याचे फास सुटून धागे निघतात. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशनवर बेतू शकतं. म्हणून खेळ संपला की टग रोज तपासा, लोंबणारे धागे कात्रीने कापा आणि टग कपाटात ठेवा. जमिनीवर दिवसभर पडलेल्या टगची किंमत कुत्र्याच्या लेखी शून्य होते. हा त्याला फक्त तुमच्यासोबत भेटला पाहिजे.

फ्लर्ट पोल म्हणजे काठीला दोरी आणि दोरीला चिंधी. साडेचार फुटांची वेताची काठी, तेवढीच सुती दोरी. नायलॉनची नको, पायाला गुंडाळली तर कातडं सोलते.

सुरुवात कशी करायची? अगदी पहिल्या दिवसापासून सांगा.

जागा गच्चीची चालेल, पार्किंगची चालेल, फक्त निसरडी नको. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात आणि सांधे दुखावतात. कुत्र्याला हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घाला. गळपट्ट्याला दोरी लावून पाठलाग करायला लावलं तर झटका मानेवर बसतो.

चिंधी त्याच्या तोंडासमोर नाचवू नका. कुठलाही ससा कुत्र्याच्या तोंडाकडे पळत येत नाही. चिंधी जमिनीवरून, त्याच्यापासून दूर पळवा: सर्रकन दोन हात, थांबा, टोक थरथरवा, वळण घेऊन पुन्हा सर्र. पकडली की लगेच थोडी ओढाओढ आणि त्याला जिंकू द्या. ओढताना डावीकडे-उजवीकडे, त्याची मान पाठीच्या पातळीत ठेवून. वर उचलून लटकवायचं नाही, खाली-वर हिसके द्यायचे नाहीत. पहिले काही दिवस एवढंच. त्याला ‘हा माणूस म्हणजे मजा’ हे पटू द्या.

मग खरा धडा. चिंधी एका हातात धरून हात बाजूला लांब करा आणि गप्प उभे राहा. ‘इकडे बघ’ नाही, चुटकी नाही, च्यक्‌च्यक्‌ नाही. हात बाजूला एवढ्यासाठी, की त्याचे डोळे चिंधीवर आहेत की तुमच्यावर हे साफ दिसतं. तो चिंधीवर टक लावेल. उडी मारेल, भुंकेल, पंजा मारेल, मागे सरकून बसेल. हात हलत नाही, माणूस बोलत नाही. सगळे उपाय संपले की त्याची नजर चिंधीवरून निसटून तुमच्या चेहऱ्यावर येते. निमिषभरच. भुवया किंचित वर, कान पुढे, तोंड मिटलेलं. त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा आणि चिंधी जमिनीवर पळवा.

इथे उशीर चालत नाही. अर्ध्या सेकंदात तो परत चिंधीकडे वळलेला असतो आणि मग चिंधीकडे बघण्यालाच बक्षीस मिळतं. ‘हां’ आधी, हात नंतर, हा क्रमही पाळा. हात आधी हलला तर कुत्रा हाताचाच अभ्यास करतो. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. आपला हात किती चुगलखोर आहे ते त्यात दिसतं.

नजर झटपट यायला लागली की वेळ वाढवा: एक सेकंद, दोन, पुन्हा एक, मग चार. सतत चढता जिना ठेवू नका, मधूनच सोपं द्या. त्यानंतर नजर तुमच्यावर असताना एक पाऊल टाका, मग तीन, मग एक वळण. चिंधी हातातून बगलेत, बगलेतून पाठीमागे कमरेला. शेवटी कुत्र्याला चिंधी दिसतच नाही, तरी तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत चालतो, कारण ती कुठून उगवणार हे त्या चेहऱ्यावरच कळतं.

एका वेळी दोन ते पाच मिनिटं पुरे. त्याला अजून हवं असतानाच थांबा.

पकडलं की सोडतच नाही. तोंड उघडून काढावं लागतं.

तोंड उघडून काढू नका. तुम्ही जितकं ओढाल तितकी चिंधी जिवंत वाटते आणि पकड घट्ट होते. उलट करा. दोन्ही मुठी चिंधीवर आवळून आपल्या मांडीला टेकवा आणि खांबासारखे स्थिर व्हा. चिंधी मेली. कुत्रा थोडा वेळ झटकेल, मग जबडा सैल पडेल. सुटता क्षणी ‘हां!’ आणि चिंधी पुन्हा पळाली. सोडलं की खेळ संपत नाही, सुरू होतो, हे एकदा डोक्यात बसलं की ‘सोड’ हा शब्द जोडायला दोन-चार दिवस लागतात. शब्द आधी, स्थिर होणं नंतर.

घाई असेल तर दोन सारख्या चिंध्या ठेवा. एक मेली की दुसरी जिवंत.

खेळात इतका पेटतो की हातच चावतो, नजर वगैरे काही देत नाही.

बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. आणि दोष बहुधा खेळवणाऱ्याच्या उत्साहाचा असतो.

रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की उत्तेजना वाढत गेली की शिकणं एका हद्दीपर्यंत सुधारतं आणि अवघड कामात त्यानंतर ढासळतं. कुत्र्यातही हे रोज दिसतं. थंड कुत्रा शिकत नाही, भडकलेलाही शिकत नाही. या दोन्हींमधला उत्तेजनेचा पट्टा हवा. तो ओळखायचा कसा? खेळ थांबवून जमिनीवर खाऊचा एक तुकडा टाका. हुंगून उचलला तर पट्ट्यात आहे. दिसलाच नाही, किंवा बोटांसकट ओढला, तर पट्ट्यापार गेला.

पार गेलेल्याला आणखी आज्ञा देण्यात अर्थ नाही. चिंधी मेली, दोरीवर हळू दोन-तीन फेऱ्या, गवतात खाऊचे तुकडे विखरून हुंगायला लावा. नाक खाली गेलं की श्वास उतरतो. मग पुन्हा, पण या वेळी चिंधी हळू पळवा आणि ओरडण्याऐवजी कुजबुजा. पुष्कळ मालक ‘शाब्बास रे वाघा’ म्हणत स्वतःच इतके नाचतात की कुत्र्यापेक्षा त्यांनाच खाली आणावं लागतं.

आमचं मत विचाराल तर पेटवणं हे निम्मंच काम आहे. विझवता आलं पाहिजे. प्रत्येक खेळात तीन-चार वेळा ‘बस’ म्हणून चार श्वास थांबायला लावा, मग पुन्हा पाठलाग. ज्याला हे जमतं त्याचा कुत्रा समोरून मांजर गेल्यावरही ऐकण्याच्या अवस्थेत असतो. नुसतं पेटवत गेलात तर तुम्ही फक्त जास्त जोरात ओढणारा कुत्रा तयार केलात.

दात हातावर लागले तर ‘आई गं’ करत हात झटकू नका, झटकलेला हात ही उत्तम चिंधीच असते. गप्प, स्थिर, खेळ बंद, अर्धा मिनिट पाठ फिरवा.

आमच्याकडे कारवानी आहे. हे सगळं याला लागू होतं का?

होतं, पण थोडं वेगळं. कारवानी आणि मुधोळ हे डोळ्यांनी शिकार करणारे हाउंड. विजापूरच्या पलीकडे बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे त्यांचं गाव, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटं काढली त्यांत मुधोळ हाउंडही होता. आपल्या जिल्ह्यात वाडीवस्तीवर, मेंढरांच्या कळपापाशी हे कुत्रे आजही दिसतात.

यांचं बक्षीस म्हणजे धाव. हातातल्या चिंधीची ओढाओढ त्यांना चार सेकंदांत कंटाळवाणी वाटते आणि मालक म्हणतो, ‘याला शिकवताच येत नाही.’ यांना फ्लर्ट पोल द्या, मोठं वर्तुळ द्या, आणि नजर मिळाली की चिंधी लांब, सरळ रेषेत पळवा. मोजक्या धावा झाल्या की थांबा. हा कुत्रा तीसदा तेच करणार नाही, पाचदा जीव तोडून करेल. बसायची सक्तीही करू नका. पातळ मांड्यांचे हाउंड फरशीवर बसायला कुरकुरतात, उभ्याने नजर दिली तरी चालतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे. कारवानी मोकळ्या माळावर दोरीशिवाय सोडू नका, त्याने घरी कितीही छान केलं असलं तरी. सशामागे लागलेल्या हाउंडला तुमची हाक पोचेपर्यंत तो हायवेवर असतो.

आमच्या गावठीला खेळण्यात रसच नाही. चेंडू टाकला की चेंडूकडे आणि मग आमच्याकडे बघतो.

म्हणजे ‘तूच आण’ म्हणतो. गल्लीतून आलेल्या कुत्र्याचं पोट उकिरड्यावर भरलेलं असतं. प्लास्टिकच्या चेंडूत त्याला शिकार दिसत नाही. जुना मोजा घ्या, आत सुकट किंवा उकडलेल्या चिकनचे तुकडे भरून घट्ट गाठ मारा, दोरीला बांधा आणि पळवा. पकडला की मोजा उघडून आतलं त्याला द्या. काही दिवसांनी रिकामा मोजाही चालतो. शाकाहारी घरात पनीर चालेल.

ज्याला गल्लीत मार बसलेला असतो तो काठी बघूनच दबतो. त्याला फ्लर्ट पोल दाखवू नका, नुसती लांब दोरी वापरा आणि जमिनीवर बसून खेळा.

आणि पग, बीगल, पॉमेरियन?

पगला एका वेळी एक मिनिट, तेही गार हवेत. बीगलला चिंधी दाखवण्याऐवजी लपवा, त्याची शिकार नाकाने होते. पॉम चिंधीपेक्षा चूंचूं आवाजाला लवकर भुलतो.

पिल्लू किती महिन्यांचं झालं की सुरू करावं?

आठव्या आठवड्यापासून पाठलागाचा खेळ चालतो, अगदी हलका. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दात बदलतात. तेव्हा हिरड्या सुजतात, चिंधीवर रक्ताचा ठिपका दिसतो. त्या काळात ओढाओढ बंद, नुसता पाठलाग. त्या वेळी दुखलं तर काही पिल्लं कायमची टगला नाही म्हणतात.

मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं भरायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर हवेत उड्या आणि जागेवर गर्रकन वळणं नकोत. चिंधी कायम जमिनीवर.

उन्हाळ्यात काय करायचं? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो.

तर मग एप्रिल-मेमध्ये हा खेळ पहाटे उजाडता किंवा रात्री जमीन निवल्यावर. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं असतं पण डांबर आणि गच्ची तापलेलीच असते. हाताची पालथी बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही.

इथे धोका एवढ्यासाठी जास्त, की शिकारीच्या भरात कुत्रा स्वतःहून थांबत नाही. साध्या फिरण्यात तो सावलीत बसकण मारेल. चिंधीमागे कोसळेपर्यंत पळेल. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबू लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, चाल डगमगली, तर खेळ तिथेच बंद. सावलीत न्या, अंगावर, पोटाखाली, मांड्यांत साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि पशुवैद्याकडे निघा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो.

दुपारी घरात करायचंच असेल तर पंख्याखाली नजरेचा सराव करा: पळापळ नाही, फक्त बघणं, ‘हां’ आणि दोन सेकंदांची ओढाओढ.

गच्चीवर सोन्यासारखा वागतो, रस्त्यावर स्कूटीमागे धावतो. मग उपयोग काय?

गच्ची आणि विजापूर रोड यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, त्या गाळल्या की असं होतं. गच्चीनंतर आपली गल्ली, दुपारच्या सामसुमीत. मग गल्ली, संध्याकाळी. मग एखादं मोकळं मैदान, जिथून रस्ता दिसतो पण लांब आहे. स्कूटी दिसेल पण कुत्रा अजून चिंधीला ओळखेल, इतकं अंतर शोधा. कुणाला ते ३० मीटर लागतं, कुणाला १००.

त्या अंतरावर उभे राहा. स्कूटी आली, त्याने पाहिली, कान ताठले. तुम्ही गप्प. त्याने वळून तुमच्याकडे पाहिलं की ‘हां!’ आणि चिंधी रस्त्याच्या उलट दिशेला पळवा. काही दिवसांत स्कूटी ही तुमच्याकडे वळायची खूण बनते. मग अंतर कमी करत जा. दहा मीटर लांबीची दोरी हार्नेसला लावलेली असू द्या, हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात.

हाच उपाय डुकरांना आणि खारींना. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असताना मात्र होम मैदानाच्या बाजूला सरावाला जाऊ नका. पाळणे, भोंगे, गर्दी. तिथे कुठल्याच कुत्र्याचं लक्ष लागत नाही.

लेझरचा ठिपका पळवला तर? कमी कष्टात दमतो.

नको. ठिपका कधीच पकडता येत नाही, पाठलाग अर्धवटच राहतो. अशी कुत्री पुढे भिंतीवरच्या कवडशांमागे, सावल्यांमागे तासन्‌तास लागतात आणि ते वेड सोडवणं फार अवघड जातं.

आमच्या ओळखीचे एक जण म्हणतात, जिवंत ससा किंवा कोंबडी सोडा, ड्राइव्ह आपोआप येईल.

ओळखीच्यांना सांगा, गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानससाही संरक्षित आहे आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत. शिकारीच्या व्याख्येत कुत्रे सोडून पाठलाग करणंही येतं. प्राणी मेलाच पाहिजे असं नाही. पाळीव कोंबडी मजेसाठी कुत्र्यापुढे टाकणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला ‘कुत्र्याला पळवायला’ गाड्या घेऊन जाणारे लोक आहेत. त्या गवताळ माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. आपल्या कुत्र्याचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार लांडग्याला लागू शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी हे उलटंच शिकवणं आहे. जिवंत ससा तुमच्या नजरेला बांधलेला नसतो. कुत्रा शिकला काय, तर खरी मजा मालकापासून लांब असते.

उपाशी ठेवलं, मिरची चारली, कच्चं मटण दिलं तर कुत्रा तेज होतो म्हणतात.

मिरचीने आतडी जळतात. कच्च्या मटणाने पाठलागाची ओढ वाढत नाही. उपाशी कुत्रा चिडचिडा होतो. उलट भरल्या पोटी लगेच पळवू नका. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत. पोटाला पीळ पडला तर काही तासांत जीव जातो.

नसबंदीने ही ओढ कमी होईल का?

फारशी नाही. नसबंदी दुसऱ्या कारणांसाठी करा.

शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळपट्टा?

आम्ही वापरत नाही. धावत्या कुत्र्याला झटका बसला त्या क्षणी समोर जे असेल, स्कूटी, लहान मूल, दुसरा कुत्रा, त्याच्याशी तो वेदना जोडतो. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. इथे ते कुरिअरने घरपोच मिळतं, हेच दुर्दैव.

घरात आजी तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड, मुलं मराठी आणि शाळेतलं इंग्रजी. आज्ञा कुठल्या भाषेत द्यायची?

कुठल्याही, पण एकाच. सोलापुरी घरांतला हा अगदी खरा घोटाळा आहे. आजी ‘वदुलु’ म्हणतात, शेजारचे काका ‘बिडु’, मुलगा ‘ड्रॉप’, वडील ‘सोड रे सोड’. कुत्र्याला चौघांपैकी कुणाचंच कळत नाही आणि तो चिंधी घेऊन पलंगाखाली जातो. फ्रिजवर कागद चिकटवा: ‘हां’, ‘सोड’, ‘बस’, ‘संपलं’. आजींना त्यांचाच शब्द हवा असेल तर सगळ्यांनी आजींचा शब्द घ्या. घरात कुत्र्याशी सगळ्यात जास्त बोलणाऱ्या बहुधा त्याच असतात.

किती दिवसांत फरक दिसेल?

घरातली नजर आठवडाभरात येते. रस्त्यावरची काही महिने घेते. ज्याने वर्षभर रोज स्कूटीमागे धावून मजा लुटली आहे त्याला जास्त वेळ लागतो, कारण तोही सरावच होता.

कुठल्या कुत्र्याशी हा खेळ खेळू नये?

डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला मणक्याचा त्रास असेल तर ओढाओढ नको. नितंबाच्या सांध्याचा विकार, हृदयविकार, फिट्स येणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले, यांचं आधी पशुवैद्याला विचारा. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात हलत असतील तर मऊ फडकं घ्या आणि त्यालाच जिंकू द्या. आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाती टग देऊ नका. मूल पळतं, किंचाळतं, पडतं, आणि कुत्र्याच्या डोळ्यांना तेव्हा चिंधी आणि मूल सारखंच दिसतं.

घरात मांजरही आहे. कुत्र्याला पाठलाग शिकवला तर मांजराचं काय?

पाठलाग त्याला येतोच, तुम्ही शिकवत नाही आहात. तरी काही पथ्यं पाळा. मांजर ज्या खोलीत असतं तिथे चिंधीचा खेळ नको. खेळून झाल्यावर कुत्रा पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे पाणी पिऊन आडवा होईपर्यंत, दोघांची भेट नको. मांजराला चढून बसायला उंच फळी हवी. मांजर समोर असताना त्याने तुमच्याकडे पाहिलं तर ‘हां’ म्हणून खाऊ द्या, चिंधी नव्हे. तिथे आपल्याला तो गार हवा असतो. आणि तुम्ही घराबाहेर जाताना दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये कडी लावून.